शिक्षकांच्या शिक्षिका : पद्मभूषण कै. ताराबाई मोडक

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर मराठी व्यक्तीचा परिचय लिहून द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते ताराबाई मोडक यांचे नाव. या निवडीला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्याप्रमाणेच ताराबाईंच्या आयुष्यातील उमेदीची वर्षे मराठी मुलुखाबाहेर गेली. दुसरे कारण थोडे संकोचाचे आहे आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे.

काही वर्षांपूर्वी मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी ही माझी मातृभाषा, पदरी बी. ए. ची पदवी आणि सरकारी सेवेत मसुदे लिहिण्यात गेलेली पंचवीस-तीस वर्षे. मुळाक्षरे शिकवायला याहून अधिक काय लागते, अशा समजुतीने मी फळ्यावर अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरे काढली आणि मुलांकडून ती घोकून व गिरवून घेतली. गणपतीच्या सुमारास वर्गात सतरा मुले होती. दिवाळीनंतर सहा उरली. त्या सहांपैकी एका चिमुरडीने एके दिवशी मला विचारले की, काका, अक्षरे तर सगळी लिहून झाली, मग आपण वाचायचे केव्हा? माझ्याजवळ उत्तर नव्हते. भाषा येणे वेगळे आणि ती शिकविता येणे वेगळे, हा धडा त्या दिवशी मला मिळाला. ताराबाईंनी आपले सारे आयुष्य या एका धड्यासाठी वेचले होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे घरात सुधारकी विचारांचे वारे लहानपणापासूनच खेळत होते. मुलींना चार बुके शिकविली तरी पुष्कळ झाले, असे मानणाऱ्या त्या काळात ताराबाईंनी १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी संपादन केली. पुढील वर्षी अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हे वैवाहिक जीवन सुखाचे झाले नाही. १९२१ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तान्ह्या मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्धार त्यांनी केला. त्या काळी हे पाऊल उचलणाऱ्या स्त्रीला समाजाकडून काय सोसावे लागले असेल, याची कल्पना वाचकांना सहज करता येईल. स्वतः ताराबाईंनी त्या दुःखाचे भांडवल केले नाही. त्यांनी काम शोधले.

ते काम त्यांना दूर काठेवाडात मिळाले. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेज या संस्थेच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था. आपल्या देशात शिक्षकांना शिक्षण देण्याची कल्पना तेव्हा नवी नव्हती. मुंबई इलाख्यात १८४५ मध्ये निघालेल्या नॉर्मल क्लासची सूत्रे 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे होती आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यातही अशा शाळांवर भर दिलेला होता. पुढे मात्र कालांतराने या शिक्षणाला कवायतीचे रूप आले. पाठ कसा घ्यावा, फळा कसा लिहावा, वर्ग शांत कसा ठेवावा, हे शिक्षक शिकत. ज्याला शिकवायचे ते मूल कसे असते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नसे. शाळेत छडी होती आणि तिचा उपयोग कोणालाही न शिकविता येत होता.

काठेवाडातच भावनगर येथे याच सुमारास एक निराळा प्रयोग चालू होता. नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर उघडले होते. गिजुभाई मूळचे वकील. डॉ. मारिया माँटेसरी यांच्या ग्रंथांतील विचारांनी त्यांच्या मनाची पकड घेतली आणि वकिली सोडून ते मुलांत रमले. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, बक्षिसांची लालूचही नव्हती. गोष्टी होत्या, गाणी होती, मातीकाम होते आणि प्रत्येक मुलाला आपल्या गतीने चालण्याची मोकळीक होती. ताराबाईंना या कार्याची ओढ लागली. १९२३ मध्ये प्राचार्यपदाची सुस्थिर नोकरी सोडून त्या भावनगरला दाखल झाल्या. आपल्यापैकी बहुतेकांनी नोकरीसाठी घर सोडले आहे. पदरात लहान मूल असताना ध्येयासाठी परमुलुखात नोकरी सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला अधिक कळावे.

भावनगरची नऊ-दहा वर्षे ही ताराबाईंच्या जीवनातील साधनेची वर्षे होत. तेथे त्यांनी गुजराती भाषा इतकी आत्मसात केली की, गिजुभाईंच्या बरोबरीने त्या गुजरातीत लेखन व संपादन करू लागल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाच्या 'शिक्षणपत्रिके'ने शिक्षक व पालक या दोघांनाही हाताशी धरले. ताराबाईंचे मोठेपण असे की, परभाषेत मिळविलेले हे धन त्या आपल्या भाषेला विसरल्या नाहीत. १९३३ पासून त्यांच्या संपादकत्वाखाली 'शिक्षणपत्रिका' मराठीतही निघू लागली आणि बालशिक्षणाचा विचार मराठी घरांत व शाळांत पोहोचला.

या बालमंदिरांतून लेखन-वाचन कसे शिकवीत, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण शिक्षकाला नव्याने काय शिकावे लागते, ते त्यावरूनच स्पष्ट होते. आपली जुनी रीत अशी की, मुलाच्या हाती प्रथम पाटी-पेन्सिल द्यायची आणि अक्षर गिरवायला लावायचे. माँटेसरी पद्धतीत अक्षर पुष्कळ उशिरा येते. आधी मुलाचा हात तयार होतो. नाना आकारांच्या चकत्या मूल खुंटीला धरून उचलते, त्यांच्या साच्यांच्या कडेने रेषा काढते, आतला भाग रंगाने भरते. एवढ्याने बोटांना वळण लागते. मग खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे येतात. त्यांवरून मूल बोट फिरविते आणि शिक्षिका त्या अक्षराचा नुसता उच्चार करते. डोळा, कान आणि बोट अशा तिन्ही वाटांनी अक्षर मनात शिरते. त्यानंतर सुटी अक्षरे हाती देतात व ती जुळवून मूल आपल्या मनातला शब्द मांडते. अशा रीतीने लेखन आधी येते, वाचन मागाहून. आणि दोन्ही येतात तेव्हा मुलाला ती आपली स्वतःची कमाई वाटते.

इटालियन भाषेसाठी रचलेली ही पद्धत देवनागरीत उतरविताना विचार करावा लागतो. आपल्या लिपीचे भाग्य असे की, अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे यांचा पसारा मोठा. वर्णमालेचा क्रम व्याकरणाच्या दृष्टीने शास्त्रशुद्ध खरा, परंतु लहान हाताच्या दृष्टीने तो सोयीचा नाही. ग, म, भ, न यांसारखी वळणाने जवळची अक्षरे एकत्र घेतली तर मुलाला मगन, गगन, नमन असे शब्द लवकरच हाती लागतात. उलट अ पासून ज्ञ पर्यंत रांगेने गेल्यास वर्ष सरते, तरी वाचायला शब्द मिळत नाही. माझ्या वर्गातील त्या चिमुरडीच्या प्रश्नाचे उत्तर हे होते.

मात्र साधने आणून ठेवली म्हणजे झाले, असे ताराबाईंनी कधी मानले नाही. साधन उत्तम असले तरी ते केव्हा पुढे करावे व केव्हा मागे ठेवावे, हे शिक्षिकेलाच ओळखावे लागते. त्यासाठी तिने आधी मूल पाहायला शिकले पाहिजे. अध्यापन मंदिरात येणाऱ्या उमेदवार शिक्षिकांना मुलांचे निरीक्षण करावे लागे, गोष्ट सांगण्याची कला हस्तगत करावी लागे, गाणी व खेळ स्वतः करून पाहावे लागत. आणि सर्वांत अवघड म्हणजे, लहानपणी स्वतःच्या शिक्षकांकडून जे धाक-दपटशाचे संस्कार झालेले असत, ते विसरावे लागत. शिक्षकाने नवे शिकण्याआधी जुने विसरणे हे अर्धे शिक्षण, असे या पद्धतीचे सार सांगता येईल.

भावनगरहून ताराबाई महाराष्ट्रात परतल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केले. त्याला जोडूनच शिक्षिकांसाठी अध्यापन मंदिर काढले. मुलांची शाळा आणि शिक्षकांची शाळा त्यांनी नेहमी शेजारी शेजारी ठेवली. एकीवाचून दुसरी त्यांना अपुरी वाटे. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले. ज्यांच्याबरोबर संघ उभा केला ते सहकारी गेल्यावरही ताराबाईंनी कार्यात खंड पडू दिला नाही.

परंतु दादरला मिळालेल्या यशात त्या समाधानी राहिल्या नाहीत. बालमंदिरे सुखवस्तू घरांतील मुलांपुरतीच राहिली, तर या साऱ्या खटाटोपाचे सार्थक काय, हा प्रश्न त्यांच्या मनाला लागून राहिला. महात्मा गांधींच्या ग्रामसेवेच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. अखेर १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. आचार्य भिसे यांच्यामुळे बोर्डीत शिक्षणाचे वातावरण होतेच. येथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवैधव्यावर मात करून शिक्षिका झालेल्या अनुताईंनी त्यानंतर आपले उभे आयुष्य या कार्याला वाहिले.

बोर्डीत पहिला अनुभव निराशेचा आला. शाळा उघडली तरी गरीब वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी व खेळ. ही ती अंगणवाडी. महागड्या परदेशी साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, बियांनी, खड्यांनी, पानाफुलांनी आणि कुंभाराच्या मातीने घेतली. गावातीलच थोड्या शिकलेल्या मुलींना हाताशी धरून त्यांच्यातून शिक्षिका घडविण्याचे कामही त्यांनी आरंभिले. विलायती साधनांवाचून माँटेसरी नाही, असे म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर ते कोणते!

१९५७ मध्ये ताराबाई व अनुताई डहाणूनजीकच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासींमध्ये गेल्या. येथील मुले शाळेत येत नसत, कारण कोणी धाकटे भावंड सांभाळी, तर कोणी गुरे राखी. मुलांना दोष देणे सोपे होते. या दोघींनी शाळेची घडीच बदलली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांचा एकत्र मेळ घालून विकासवाडी उभी केली, म्हणजे भावंडाला घेऊन येणारे मूलही शिकू लागले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. तिला कुरणशाळा म्हणत. शिक्षकाने मुलाकडे जायचे असते, हे तत्त्व पुस्तकात पुष्कळांनी मांडले असेल. कोसबाडला ते पायांनी चालून दाखविले गेले.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना हाती घेतली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज हा शब्द भारतभर रूढ आहे. आपण राहतो त्या शहरातही अंगणवाडी आहे. तिथे बोलली जाते ती भाषा निराळी, पण बोर्डीच्या अंगणातला तो मराठी शब्द तिच्या पाटीवर आहे. कोसबाडचे कार्य अनुताईंनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत निष्ठेने चालविले. आपल्यामागे काम चालविणारी व्यक्ती घडविणे, ही शिक्षकांच्या शिक्षिकेची खरी परीक्षा; ताराबाई त्या परीक्षेत उतरल्या.

आता पुन्हा आपल्या रविवारच्या वर्गाकडे येतो. ताराबाईंच्या चरित्राने माझे डोळे उघडल्यावर मी व वर्गातील इतर तिघी भगिनी यांनी एक पाठ घातला. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी एकत्र बसायचे, कोणते मूल कोठे अडले ते एकमेकांना सांगायचे आणि पुढच्या रविवारची तयारी करायची. पुठ्ठ्याची सुटी अक्षरे आम्ही घरीच कापली. वर्गाची संख्या आज फार वाढलेली नाही. अकरा मुले येतात. मात्र त्या चिमुरडीने गेल्या वर्षी गावाहून आजीने पाठविलेल्या डब्यावरची चिठ्ठी वाचली आणि आत बेसनाचे लाडू आहेत, हे डबा उघडण्यापूर्वीच घरच्यांना सांगितले. परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांची मराठी अशाच लहान लहान चिठ्ठ्यांवर टिकणार आहे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहाच्या दुरुस्तीसाठी व सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी निधी जमत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यातील लहानसा वाटा मुलांना लिहाय-वाचायला शिकविणाऱ्या आपल्या बंधुभगिनींच्या प्रशिक्षणासाठी राखून ठेवावा, अशी कार्यकारिणीस व सर्व सभासदांस नम्र विनंती आहे. मातृभाषेवर प्रेम आहे म्हणून ती शिकविता येतेच, या गैरसमजात मी एक वर्ष आणि अकरा मुले गमावली. आणखी कोणावर ती पाळी येऊ नये.

कै. ताराबाईंच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.