रिव्हॉल्व्हरचा कारखानदार सॅम्युएल कोल्ट

धातूच्या काडतुसाचा प्रसार होऊन दीड शतक लोटले, तरी युरोप-अमेरिकेतील कितीतरी हौशी नेमबाज आजही सुटी काळी दारू, शिशाची गोळी आणि तांब्याची टोपी घालून उडविण्याचे रिव्हॉल्व्हर आवडीने बाळगतात. ही शस्त्रे जुनी नसतात. जुन्या शस्त्रांच्या त्या हुबेहूब प्रतिकृती असतात. त्यांपैकी अनेकांचे मूळ नमुने ज्याच्या कारखान्यातून बाहेर पडले, त्या सॅम्युएल कोल्टचे चरित्र चिकाटीचा धडा देणारे आहे. तसेच ते विचार करावयास लावणारेही आहे.

कोल्टचा जन्म अमेरिकेतील कनेटिकट राज्यात हार्टफर्ड येथे १९ जुलै १८१४ रोजी झाला. तो लहान असतानाच त्याची आई क्षयाने वारली. अकराव्या वर्षी त्याला एका शेतकऱ्याकडे कामास ठेवण्यात आले. तेथे त्याच्या हाती शास्त्रीय ज्ञानाचा एक संग्रह पडला आणि बंदुकीची दारू व विद्युत् या दोन विषयांनी त्याच्या मनाची पकड घेतली. पुढे तो ॲमहर्स्टच्या विद्यालयात गेला. पण दारूकामाच्या खटाटोपापायी त्याचे शिक्षण अर्धवटच राहिले. अखेर १८३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्याला कोर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून पाठविले. हे जहाज बोस्टनहून निघाले होते आणि त्याला जावयाचे होते आपल्या कलकत्त्याला!

या सफरीतच त्याने फिरत्या नळकांड्याचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचे चक्र फिरून ठरावीक जागी अडकते, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. फिरत्या नळकांड्याची कल्पना मात्र सर्वस्वी नवी नव्हती. बोस्टनच्याच एलिशा कॉलियरने १८१८ साली इंग्लंडमध्ये तशा चकमकीच्या बंदुकीचे पेटंट घेतले होते. कोल्टचे वैशिष्ट्य असे की, घोडा मागे ओढताच नळकांडे आपोआप एक घर पुढे सरकावे आणि बाराच्या क्षणी ते पक्के जखडले जावे, अशी जोडणी त्याने साधली.

या कल्पनेला काळाचीही साथ मिळाली. चकमकीच्या बंदुकीला पावसात ठिणगीचा भरवसा नसे. अलेक्झांडर फॉर्साइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या रसायनाच्या उपयोगाचे पेटंट घेतले आणि पुढे त्याच रसायनाची इवलीशी तांब्याची टोपी निघाली. प्रत्येक खणामागील पोकळ टोकावर अशी एकेक टोपी बसविली की, पाच-सहा बार एकामागून एक काढता येत.

परंतु कल्पनेला पैशाचे पाठबळ हवे. १८३२ नंतर तीन वर्षे कोल्ट गावोगाव हिंडून हास्यवायूचे प्रयोग करीत असे. त्याने स्वतःस डॉक्टर ही पदवी लावून घेतली होती आणि जाहिरातीत लंडनबरोबर कलकत्त्याचेही नाव तो मिरवी! त्या मिळकतीतून त्याने कारागिरांकडून नमुने करवून घेतले. १८३५ साली इंग्लंडचे व २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट त्याला मिळाले. न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कारखाना निघाला. पण शस्त्र महाग व नाजूक, सरकार साशंक, शिवाय १८३७ ची आर्थिक मंदी. १८४२ साली कारखान्याला टाळे लागले. कोल्ट हात बांधून बसला नाही. पाण्याखालील सुरुंग आणि तारायंत्राच्या जलरोधक तारा यांच्या उद्योगात त्याने पुढील काही वर्षे घालविली.

त्याचे दैव फिरले ते युद्धामुळे. टेक्सासच्या रेंजर सैनिकांनी पॅटर्सनची रिव्हॉल्व्हरे कोमांची या मूळ रहिवाशांविरुद्ध वापरली होती. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले, तेव्हा कॅप्टन सॅम्युएल वॉकर याने कोल्टची गाठ घेऊन अधिक दणकट शस्त्राची मागणी केली. १८४७ साली एक हजार रिव्हॉल्व्हरांची सरकारी मागणी आली, तेव्हा कोल्टजवळ कारखानाच नव्हता! एलाय व्हिटनी धाकटा याच्या कारखान्यातून त्याने ती पुरी केली आणि लगेच हार्टफर्ड येथे आपला स्वतःचा उद्योग मांडला.

कोल्टचे खरे कर्तृत्व दिसते ते येथे. एकाच कारागिराने आरंभापासून शेवटापर्यंत एक शस्त्र घडवावे, ही जुनी रीत त्याने सोडली. एलिशा रूट या कुशल यंत्रज्ञाच्या साहाय्याने प्रत्येक भागासाठी निराळे यंत्र त्याने बसविले. अखेरची जुळणी हातानेच होई. पण बहुतेक घडण यंत्राची असे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्याची रिव्हॉल्व्हरे गाजली. त्याच वर्षी लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने निबंध वाचला. १८५५ साली हार्टफर्डला नदीकाठी बांध घालून त्याने निळ्या घुमटाचा भव्य कारखाना उभारला. कामाचे तास दहा ठरविले आणि कामगारांसाठी वाचनालयही काढले. १८५१ सालच्या त्याच्या ‘नेव्ही’ नमुन्याची दोन लाखांहून अधिक शस्त्रे तयार झाली.

मात्र आपले शस्त्र कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न त्याला फारसा पडलेला दिसत नाही. अमेरिकेत यादवीचे ढग जमले असतानाही दक्षिणेकडील राज्यांना तो माल विकीत राहिला आणि १८६१ साली युद्ध पेटल्यावर उत्तरेचा पुरवठादार झाला. या यशाच्या शिखरावर असतानाच १० जानेवारी १८६२ रोजी अवघ्या ४७ व्या वर्षी त्याचा अंत झाला. पत्नी एलिझाबेथ हिने त्याच्या पश्चात कारखाना सांभाळला. १८६४ साली तो आगीत सापडला, तेव्हा तिने तो पुन्हा उभा केला. पुढे काडतुसे आली आणि टोपीचे रिव्हॉल्व्हर मागे पडले.

त्याचा पुनर्जन्म झाला इटलीत. १९५९ साली आल्दो उबेर्ती याने गार्दोने व्हाल ट्रॉम्पिया या बंदुका घडविणाऱ्यांच्या जुन्या गावी ‘नेव्ही’ची प्रतिकृती तयार केली. अमेरिकन यादवीची शताब्दी तोंडावर आली होती, त्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळाले. अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्याने अशा प्रतिकृतींना नेहमीच्या बंदुकांच्या नियमांतून वगळले. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून असे शस्त्र बाळगता येत नाही.

हे शस्त्र घाई मुळीच खपवून घेत नाही. घोडा अर्धा ओढून नळकांडे मोकळे करावयाचे, खणात सुमारे दीड ग्रॅम काळी दारू मापाने घालावयाची, वर खणाहून किंचित मोठी गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने ती ठासावयाची. तेव्हा शिशाची बारीक कडी कातरली जाते आणि गोळी घट्ट बसते. मग तिच्यावर वंगण लावावयाचे. नाहीतर एका खणाची आग शेजारच्या खणांत शिरून सारे बार एकदम उडण्याचा धोका. टोप्या सर्वांत शेवटी, नळी निशाणाकडे असतानाच. धूरविरहित दारू चुकूनही घालावयाची नाही. तिचा दाब हे शस्त्र सोसत नाही. डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण हवेच. नेम मारून झाला की त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, कोरडे करून तेल द्यावे लागते; कारण काळ्या दारूची काजळी ओलावा धरते आणि लोखंडाला गंज चढतो.

दोन बारांमधला वेळ नाहीसा करण्यासाठी कोल्टने आपले आयुष्य वेचले. आजचा नेमबाज त्याच शस्त्राच्या सहा गोळ्यांसाठी कित्येक मिनिटे खर्च करतो आणि त्यांनी कागदी निशाणाखेरीज कशालाही इजा होत नाही. विद्यार्थिमित्रांनो, कोल्टची चिकाटी, त्याची यंत्रदृष्टी आणि अपयशानंतर पुन्हा उभे राहण्याची हिंमत अवश्य घ्यावी. पण आपल्या हातून घडलेली वस्तू पुढे काय करील, हा विचार करण्यास त्याने जो वेळ काढला नाही, तो मात्र आपण काढावा.