रोसेलचे माहेर

पहिल्या महिला डॉक्टर म्हणून आनंदीबाई जोशी आपल्या सर्व भगिनींना माहीत आहेत. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली, तीही पुष्कळजणींनी वाचली असेल. २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट निघाला. पण या सगळ्यात आपले लक्ष आनंदीबाई आणि गोपाळराव या दोघांवरच खिळते. अमेरिकेत ज्या बाईने आनंदीबाईंना आपल्या घरात घेतले, त्या कार्पेंटरबाईंचे नाव चटकन कुणाला आठवत नाही. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असे मला सांगण्यात आले, तेव्हा मी मनाशी ठरवले की त्या घराविषयी लिहावे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना, कल्याणच्या जोश्यांची मुलगी. वडिलांचा जीव होता, पण आई फार कडक. लहानसहान कारणावरून मार बसे. नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा बिजवर, पोस्टात नोकरीला, वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. त्याने अभ्यासाचा ध्यास घेतलेला. इतर बायकांना स्वयंपाक जमला नाही म्हणून मार बसायचा, तर हिला पुस्तक टाकून चुलीपाशी गेली म्हणून! चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वैद्यकी शिकायचे तिच्या मनाने घेतले ते तेव्हापासून.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना मिशनरी लोकांना पत्रे लिहिली होती, की बायकोला अमेरिकेत शिकवायचे आहे, सोय होईल का. ख्रिस्ती व्हा म्हणजे बघू, असे उत्तर आले. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोसेल या गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट बघत बसल्या होत्या. समोर ते मासिक पडले होते म्हणून त्यांनी चाळले. घरी येऊन त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. धर्म बदलण्याची अट नाही, तू आमच्या घरी ये, एवढाच त्या सगळ्याचा भावार्थ.

पुढे तीन वर्षे पत्रे चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. सण, व्रते, लग्नाच्या रीती, खाणेपिणे, सगळे त्या पत्रांतून मावशींना कळत गेले. आनंदीबाईंची प्रकृती तेव्हाही नाजूकच होती. ताप यायचा, डोके दुखायचे, दम लागायचा. मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठवली. गुण आला नाही, पण तोंडही न पाहिलेल्या मुलीसाठी सातासमुद्रापलीकडून कुणी बाटल्या बांधून पाठवते, हे मला फार मोठे वाटते.

२४ फेब्रुवारी १८८३ ला श्रीरामपूरच्या कॉलेजात अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने सभेत उभे राहून आपण का जातो ते सांगितले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन असा शब्द दिला. हे श्रीरामपूर आपल्या नगरकडचे नव्हे, बंगालमधले. गोपाळरावांची बदली तिकडे झाली होती. रजा मिळेना म्हणून ते मागे राहिले. अंगावरचे दागिने विकून ७ एप्रिलला कलकत्त्याहून ती बोटीत बसली. सोबत मिशनरी बायका, मांस-मच्छी वर्ज्य, त्यामुळे पोटाचे हाल. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. कार्पेंटरबाई न्यायला आल्या होत्या.

जूनपासून शरद ऋतू लागेपर्यंत आनंदीबाई रोसेलला राहिल्या. उन्हाळ्याची सुट्टी आणि भरलेले घर. कार्पेंटरबाईंच्या मुली, शेजारपाजार, सगळ्यांना ही नऊवारीतली कुंकू लावलेली पाहुणी आवडली. मी आपली गृहिणी, माझ्या मनात आधी स्वयंपाकघरच येते. ज्या घरात मांसाशिवाय जेवण होत नाही, तिथे एका माणसासाठी रोज वेगळे करायचे, तेही महिनोन् महिने! दोन दिवस पाहुणा उपवासाचा आला तरी आपण कुरकुरतो. आनंदीबाई मात्र नुसत्या पाहुणीसारख्या बसून राहिल्या नाहीत. एकदा त्यांनी स्वतः रांधून मावशींच्या मित्रमंडळींना आपल्या पद्धतीचे जेवण घातले. त्या गोऱ्या बायका-पुरुषांना जमिनीवर बसून हाताने जेवायला लावले. काय तारांबळ उडाली असेल!

उलट बाजूने विचार केला की मात्र मन खाली जाते. त्या काळी एखादी ख्रिस्ती मुलगी आपल्या कुणाच्या घरी चार महिने राहायला आली असती, तर तिला माजघरापर्यंत तरी येऊ दिले असते का? ओसरीवर वेगळे ताट मांडले असते. मी हे कुणाला नावे ठेवायला लिहीत नाही. पण कार्पेंटरबाईंनी काय केले ते नीट कळायचे तर हे मनात आणावेच लागते.

मग शाळा सुरू झाली. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात नाव दाखल झाले, सोडायला मावशी बरोबर गेल्या. तिथली खोली वाईट निघाली. शेगडी धड पेटेना, पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा. तब्येत बिघडली तेव्हा कॉलेजच्या मुख्य डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना आपल्या घरी नेले. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडची थंडी म्हणजे बर्फाची, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. गोपाळरावांना तसे कळवलेसुद्धा. कुंकू आणि शाकाहार मात्र सोडला नाही.

सुट्टी लागली की वाट रोसेलची. नाताळ हा त्या लोकांचा मोठा सण. आपल्या मुलीला दिवाळीला माहेरी यावेसे वाटते, तशी ही मुलगी परक्यांच्या सणाला मावशीच्या घरी यायची. ज्या मुलीने जन्मदात्या आईचा मार खाल्ला, तिला हे माहेरपण समुद्रापलीकडे, दुसऱ्या धर्माच्या घरात मिळाले.

१८८५ साली गोपाळराव अमेरिकेत पोचले. आता सुख व्हायला हवे होते, पण त्यांचा स्वभाव फिरलेला. व्याख्यानांत अमेरिकेला आणि तिथल्या लोकांना ते सडेतोड बोलत. ज्यांच्या घरी बायकोला आसरा मिळाला त्यांच्यासमोर हे चालायचे. आनंदीबाईंना मध्ये किती ओढाताण झाली असेल, ते जावयाचा रुसवा सांभाळलेल्या बायकांना सांगायला नको. त्यांनी नवऱ्यालाही सोडले नाही आणि मावशींनाही नाही.

११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर म्हणून नेमणूकही झाली. पण क्षयाने पुरते धरले होते. ऑक्टोबरात अमेरिका सोडली, नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. कोल्हापूरचे काम हाती घेणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता.

नंतर त्यांच्या अस्थी अमेरिकेला कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क प्रांतात पकीप्सी म्हणून गाव आहे. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर घराण्याची स्वतःची जागा आहे. घरच्या माणसांशेजारी मावशींनी त्या अस्थी ठेवल्या आणि वर नावाचा दगड बसवला.