अदोनिराम जडसन यांचें चरित्र व ख्रिस्ती आशा

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत पाळकाला जो प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो तो हा कीं, देव जर चांगला आहे तर त्याच्या लेंकरांवर अशीं संकटें कां येतात? ज्या घरचे लोक लहान मुलाला माती देऊन नुकतेच परतले आहेत, त्या घरीं बसून या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें नाहीं. आम्हीही पुष्कळ वेळां घाईनें उत्तर दिलें आणि मागाहून पस्तावलों. म्हणून आज आम्ही उत्तराऐवजीं एका देवभक्ताचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों. ब्रह्मदेशाचे मिशनरी अदोनिराम जडसन यांचें नांव पुष्कळांनीं ऐकिलें आहे. परंतु त्यांच्याही विश्वासाचा दिवा एकदां विझण्याच्या बेतास आला होता, ही गोष्ट फारशी सांगण्यांत येत नाहीं.

जडसनसाहेबांचा जन्म ता. ९ ऑगस्ट १७८८ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत मॉल्डन गांवीं झाला. वडील पाळक होते. मुलगा बुद्धीनें तीव्र. १८०७ सालीं तो ब्राउन कॉलेजांतून पहिल्या नंबरानें उत्तीर्ण झाला. परंतु तेथें जेकब ईम्स नांवाच्या मित्राच्या संगतीनें पवित्र शास्त्रावरील त्याची श्रद्धा उडाली होती. पुढें प्रवासांत तो एका खाणावळींत उतरला असतां शेजारच्या खोलींत कोणी तरुण रात्रभर कण्हत होता. सकाळीं चौकशी करितां तो मरण पावल्याचें समजलें, आणि नांव विचारितां तो ईम्सच होता असें कळलें. या धक्क्यानें जडसन यांचें मन हललें, आणि थोड्याच काळानें त्यांनीं आपलें आयुष्य प्रभूला वाहिलें.

ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम येथें पांच तरुणांस सेवेची दीक्षा देण्यांत आली, त्यांत जडसन हे एक होते. त्यांच्याबरोबर गुडघे टेकलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले आणि त्यांनीं मराठी मिशनचा पाया घातला. म्हणून जडसनसाहेब आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस परके नव्हेत. ते व त्यांची पत्नी अ‍ॅन कलकत्त्यास उतरलीं. तेथें बाप्तिस्म्याविषयींचें मत बदलल्यामुळें तीं बाप्तिस्त मंडळीस मिळालीं. ईस्ट इंडिया कंपनीनें त्यांस राहूं दिलें नाहीं, तेव्हां जुलै १८१३ मध्यें तीं रंगूनास पोहोंचलीं. त्यांचें पहिलें मूल त्या समुद्रप्रवासांत मृतच जन्मास आलें. दुसरा मुलगा आठ महिन्यांचा होऊन रंगुनांत वारला. ब्रह्मी भाषा शिकून सहा वर्षें श्रम केल्यावर, १८१९ सालीं, माउंग नौ या पहिल्या विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा झाला.

१८२४ सालीं इंग्रज व ब्रह्मदेशचा राजा यांच्यांत युद्ध पेटलें. जडसनसाहेब त्या वेळीं आवा या राजधानींत होते. ते इंग्रजांचे हेर असावे या संशयावरून ता. ८ जून रोजीं त्यांस पकडून मृत्युदंडाच्या कैद्यांच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. पायांत जड बेड्या. रात्रीं त्या बेड्यांमधून बांबू घालून तो वर ओढीत, म्हणजे कैद्यांचे खांदे व डोकें तेवढें जमिनीस टेके. जडसनबाई रोज अन्न घेऊन येत आणि अधिकाऱ्यांच्या दारोदारीं विनवण्या करीत. नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित कागद त्यांनीं प्रथम जमिनींत पुरले, व पुढें ओलीनें ते नासूं नयेत म्हणून एका उशींत शिवून तुरुंगांत पोहोंचविले. ज्या उशीवर साहेब डोकें ठेवीत, तिच्यांत दहा वर्षांची मेहनत होती.

मे १८२५ मध्यें कैद्यांस अनवाणी चालवीत औंगपेनला या खेड्यांतील तुरुंगांत नेलें. त्या गडबडींत पहारेकऱ्यांनीं उशीची खोळ घेतली व आंतील गांठोडें निरुपयोगी म्हणून फेकून दिलें. माउंग इंग नांवाच्या विश्वासणाऱ्यानें तें गुरूची आठवण म्हणून घरीं नेलें. आंत काय आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. कित्येक महिन्यांनीं तें उघडलें, तों कागद जसेच्या तसे निघाले.

औंगपेनला येथें बाई तापानें मरणोन्मुख झाल्या. तान्ही मारिया, जिचा जन्म बाप तुरुंगांत असतां झाला होता, तिला पाजण्यास दूध राहिलें नाहीं. तेव्हां तुरुंगाच्या शिपायांस कांहीं देऊन जडसनसाहेब बेड्यांसह बाहेर पडत, आणि मुलीला कडेवर घेऊन लेंकुरवाळ्या स्त्रियांच्या दारीं दुधाची भीक मागत. त्या खेड्यांतील मातांनीं परक्या देशाच्या, परक्या धर्माच्या लेंकराला अंगावर पाजलें.

सुमारें सतरा महिन्यांच्या कैदेनंतर ते सुटले; परंतु खरें दुःख पुढेंच होतें. ता. २४ ऑक्टोबर १८२६ रोजीं, साहेब दूर गेले असतां, बाई अ‍ॅमहर्स्ट येथें वारल्या. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यांत गॉर्डन हॉलही नाशिकाकडील फेरींत पटकीनें वारले होते. सहा महिन्यांनीं मारियाही गेली. मग या धैर्यवान पुरुषाचें मन खचलें. त्यांनीं मानाच्या पदव्या टाकल्या, आपली मालमत्ता मिशनला दिली, १८२८ सालीं मौलमीनजवळच्या जंगलांत झोपडी बांधली, जवळच एक कबर खणली आणि तिच्या कांठीं बसून ते मरणाचें चिंतन करीत. देव आहे असें ते मानीत. पण तो त्यांस सांपडत नव्हता.

प्रिय वाचकहो, हें आम्ही मुद्दाम सांगतों. ज्यानें हजारोंना आशा सांगितली त्याला स्वतःला ती दिसेनाशी झाली, आणि तरीही देवानें त्याला टाकिलें नाहीं. त्याच १८२८ सालीं, एके काळीं खुनी व दरोडेखोर असलेला को था ब्यू याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याच्या साक्षीनें करेन लोकांत शुभवर्तमान पसरूं लागलें. इकडे जडसनसाहेबांचा अंधार एका दिवसांत गेला नाहीं. ते हळूहळू पुन्हां कामास लागले. करेन लोकांच्या जंगलांतील वस्त्यांतून फिरले. रोज कांहीं ओवींचें भाषांतर करीत राहिले. ता. ३१ जानेवारी १८३४ रोजीं संपूर्ण शास्त्र ब्रह्मी भाषेंत पुरें झालें. ज्या देशाला आतां म्यानमार म्हणतात तेथील मंडळ्यांत तें आजही वाचण्यांत येतें. पुढेंही दुःखें सुटलीं नाहींत. दुसरी पत्नी सारा १८४५ सालीं प्रवासांत वारली, आणि ता. १२ एप्रिल १८५० रोजीं जडसनसाहेब स्वतः जहाजावर मरण पावले. त्यांची कबर कोठेंच नाहीं. समुद्रानेंच त्यांस पोटांत घेतलें.

यावरून काय शिकावें? शास्त्राचें भाषांतर व्हावें म्हणून देवानें मारियाला नेलें, असें आम्ही म्हणत नाहीं. असें म्हणणें म्हणजे देवाच्या चांगुलपणास कलंक लावणें होय. मरण हा शत्रूच आहे. प्रभु येशूही लाजराच्या कबरेजवळ रडला. आमची आशा दुःखाचें कारण समजण्यावर नाहीं, तर जो स्वतः कबरेंत उतरून तींतून उठला त्याच्यावर आहे. फेकून दिलेल्या गांठोड्यांत काय राखलें आहे हें माउंग इंगला दिसलें नाहीं. आम्हांसही पुष्कळदां दिसत नाहीं.

म्हणून ज्याच्या घरीं दुःख आहे त्यानें, प्रार्थनेस शब्द सुचले नाहींत तरी, मंडळीची संगत व हातचें काम सोडूं नये. आणि जो सांत्वनास जाईल त्यानें, हें पापाचें फळ आहे असें बोलून ईयोबाच्या मित्रांचें अनुकरण करूं नये. औंगपेनला येथील मातांजवळ उत्तर नव्हतें, दूध होतें. तें त्यांनीं दिलें. आम्हीही दुःखिताच्या घरीं घागरभर पाणी भरावें, चूल पेटवून द्यावी, रात्रीं सोबतीस बसावें. देवाच्या चांगुलपणाची साक्ष पुष्कळदां अशीच पोहोंचते.