सयाजीराव महाराज : राजवाड्याचे देवघर आणि गावची शाळा

बडोद्याची सहल ठरली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ममी दाखवणार ना? सयाजीबागेतल्या वस्तुसंग्रहालयात इजिप्तची ममी आहे आणि सगळ्यात जास्त गर्दी तिच्यापुढेच होते. ती ज्यांच्या काळात तिथे आली, त्या महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांची ओळख या अंकात करून घेऊ.

इजिप्तचा विषय निघालाच आहे, तर तिथल्या एका राजाविषयी आधी थोडे. सुमारे ३३५० वर्षांपूर्वी अखेनातेन नावाचा राजा होऊन गेला. त्याने जुन्या देवांची पूजा बाजूला सारली, आमोन या मोठ्या देवाचे नाव भिंतींवरून खरवडून काढायला लावले आणि आतेन, म्हणजे सूर्यबिंब, याचीच उपासना सुरू केली. त्यासाठी नवी राजधानीही वसवली. तो सुमारे १७ वर्षे गादीवर होता. त्याच्यानंतर थोड्याच वर्षांत तूतनखामेनच्या काळात जुने देव परत आले, नवी राजधानी ओस पडली आणि पुढच्या राजांनी त्याचे नाव राजांच्या यादीतूनही गाळले. राजाच्या हुकमाने धर्म बदलतो का, हा प्रश्न इतका जुना आहे. आपल्या शेजारच्या बडोद्यातही तो उभा राहिला होता.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावी झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड शेतकरी होते. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना गैरकारभाराचा ठपका ठेवून गादीवरून दूर केले. खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतली मुले बडोद्याला आणली गेली. कशासाठी आलास, असे विचारल्यावर बाकीची मुले गोंधळली, पण गोपाळने राज्य करायला आलो असे बेधडक सांगितले, अशी गोष्ट सांगतात. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. १२ वर्षांच्या या मुलाला तेव्हा धड लिहिता-वाचता येत नव्हते! मग मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू असा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. (गुजरातीचा तास जड जातो म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.) इलियट नावाचे इंग्रज शिक्षक आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांनी कारभार हाती घेतला.

महाराज मोठे राजे खरे, पण त्यांच्याच वाड्यात एक गोष्ट त्यांना मिळत नव्हती. मराठे क्षत्रिय नाहीत असे मानून पुरोहित त्यांच्या घरचे धार्मिक विधी वेदातल्या मंत्रांनी न करता पुराणातल्या मंत्रांनी करीत. म्हणजे राज्य चालवायचा अधिकार आहे, पण स्वतःच्या देवघरात वेदमंत्र ऐकण्याचा नाही. १८९६ साली महाराजांनी राजवाड्यातले विधी वेदोक्त पद्धतीने सुरू करविले. विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत. कोल्हापूरला शाहू महाराजांचे वेदोक्त प्रकरण पेटले ते यानंतर तीन वर्षांनी.

इथवर पाहिले तर ही एका राजाच्या मानापमानाची गोष्ट वाटेल. पण ज्यांना मंत्रच काय, देवळाचे दारही बंद होते अशांचा विचार महाराजांनी त्याही आधी सुरू केला होता. १८८०च्या दशकातच त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी सरकारी शाळा उघडल्या. शाळा उघडल्या, पण शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक येईनात. मग मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना बोलावून या शाळा आणि वसतिगृहे त्यांच्याकडे सोपविली.

आपल्या भागाचा यात फार जवळचा संबंध आहे. सुरतहून भुसावळच्या गाडीने खानदेशात जाताना व्यारा आणि सोनगड लागते. तो सगळा मुलूख गायकवाडांच्या नवसारी प्रांतात होता. सोनगडचा किल्ला तर घराण्याचे संस्थापक पिलाजीराव यांचे मूळ ठाणे. त्याच सोनगडला १८८५ मध्ये महाराजांनी आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली. कामरेजही गायकवाडीतच होते, आणि सुरत शहर मात्र इंग्रजांचे. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण राज्याला लागू केला. तेव्हापासून कामरेजच्या एखाद्या शेतकऱ्याने मुलीला शाळेत पाठवले नाही तर त्याला दंड होऊ शकत होता. थोड्याच कोसांवरच्या सुरतेत तशी सक्ती नव्हती.

धर्माच्या बाबतीतले कायदे याहून अवघड निघाले. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीचे वय किमान १२ आणि मुलाचे १६ ठरविले. आज ही वयेसुद्धा लहान वाटतील, पण ब्रिटिश हिंदुस्थानात असा कायदा व्हायला १९२९ साल उजाडले. बडोद्यात कायदा झाला, लग्ने मात्र होतच राहिली. कित्येक घरांत दंडाची रक्कम वाजंत्री-जेवणावळीच्या हिशेबातच धरली जाई! १९१५ चा पुरोहित कायदा आणखी वेगळा होता. पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा द्यावी आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून सांगावा, असा त्याचा आशय. मला महाराजांच्या सगळ्या कायद्यांत हा सर्वांत आवडतो. देवाला हात न लावता त्यांनी फक्त एवढेच म्हटले की, जे म्हणता त्याचा अर्थ सांगा. पुढे १९३१ मध्ये हिंदू स्त्रीपुरुषांना घटस्फोटाचा अधिकार देणारा कायदा आला आणि १९३२ मध्ये सरकारी देवळे अस्पृश्यांना खुली झाली. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक धर्मपरिषदेत अध्यक्षपदाचा मान महाराजांना मिळाला.

घरात मात्र सगळे सरळ नव्हते. महाराणी चिमणाबाईंनी पडदा सोडला, स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्या पुढे आल्या. पण मुलगी इंदिराराजे हिने आईवडिलांनी ठरविलेले ग्वाल्हेरचे लग्न मोडून कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न करायचे म्हटले, तेव्हा हे दोघेही रागावले. ग्वाल्हेरच्या महाराजांना आधीची एक पत्नी होती, हे येथे सांगायला हवे. १९१३ मध्ये लंडनला इंदिराराजेंचे लग्न झाले, तेव्हा आईवडील हजर नव्हते.

त्याच १९१३ साली महाराजांच्या शिष्यवृत्तीवर एक तरुण अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. शिक्षणानंतर संस्थानात नोकरी करायची अशी अट होती. ती पाळण्यासाठी १९१७ मध्ये ते बडोद्याला आले. महाराजांचा माणूस, महाराजांची राजधानी, पण राहायला घर मिळेना. कचेरीतले शिपाई कागद लांबून टेबलावर टाकीत. पारशांच्या वसतिगृहात दुसऱ्या नावाने राहिले, तेही उघडकीस आले आणि काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. महाराजांकडे अर्ज गेला, तो दिवाणांकडे आला, आणि दिवाणांनी काही करता येत नसल्याचे सांगितले. ज्या राज्यात न शिकणाऱ्या मुलाच्या बापाला दंड होत असे, त्या राज्यात शिकून आलेल्या अधिकाऱ्याला एक खोली देववणारा कायदा नव्हता. गाडीची वेळ होईपर्यंत डॉ. आंबेडकर बागेत बसून राहिले आणि मुंबईला निघून गेले.

महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत वारले. ६३ वर्षांहून अधिक काळ ते गादीवर होते. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि गायकवाडी कायदे दप्तरात गेले. इजिप्तप्रमाणे इथे कोणी भिंती खरवडल्या नाहीत. १९१० मध्ये अमेरिकेतून बोर्डेन साहेबांना बोलावून महाराजांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले होते, पेट्यांमधून गावोगाव पुस्तके पाठवली होती. बडोद्याच्या मांडवीतले मध्यवर्ती ग्रंथालय आजही चालू आहे. संस्कृत पोथ्या छापणारी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला १९१६ मध्ये सुरू झाली, तीही अभ्यासकांना परिचित आहे.

ममी पाहून झाली की बाहेर पडण्याची घाई करू नका. डॉ. आंबेडकर त्या दिवशी ज्या झाडाखाली बसले होते ती जागा याच सयाजीबागेत आहे. तिला संकल्पभूमी म्हणतात. रांग तिथे नसते, त्यामुळे विचारत विचारत जावे लागते.