सायकलच्या गिअरचा बादशहा, ज्याच्या गिअरला ‘टक’ असा आवाजच नव्हता

गिअरची सायकल असेल तर तिच्या पुढच्या चाकाकडे एकदा नीट बघा. बऱ्याच सायकलींना मधोमध एक छोटी दांडी असते. ती उघडली, थोडी सैल केली की पान्याशिवाय चाक हातात येतं. ही दांडी जगाला दिली तुल्लिओ कांपान्योलो या इटालियन माणसानं. पण त्याची खरी गोष्ट आहे गिअरची.

तुल्लिओचा जन्म १९०१ सालचा, इटलीतल्या विचेंझाचा. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. पोराला नाद मात्र सायकल रेसिंगचा.

त्या काळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या असायच्या. चढ आला की खाली उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. गिअर बदलणं म्हणजे हे!

सांगतात ते असं, की १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये क्रोचे द’औने नावाच्या घाटात बर्फ पडत होता. थंडीनं तुल्लिओची बोटं बधिर झाली, नट काही हलेना आणि हातची रेस गेली. ही गोष्ट किती खरी, किती रंगवलेली, यावर वाद आहेत. पण १९३३ मध्ये त्यानं कंपनी काढली, हे पक्कं.

पुढे आला त्याचा ‘काम्बियो कोर्सा’. यात मागच्या चाकाजवळ दोन दांड्या. एकीनं धावत्या सायकलचं चाक सैल करायचं, दुसरीनं चेन सरकवायची आणि वर उलटं पॅडल मारायचं. वाचूनच घाम फुटतो, पण १९४८ ची टूर द फ्रान्स बार्तालीनं याच गिअरवर मारली.

मग आला ‘ग्रान स्पोर्ट’. फ्रेमवरची छोटी दांडी ओढली की केबल ताणली जायची आणि मागची यंत्रणा चेनला बाजूच्या चकतीवर ढकलायची. कल्पना अगदीच नवी नव्हती, पण तुल्लिओनं ती मजबूत आणि भरवशाची केली. एडी मर्क्सनं पाच वेळा टूर जिंकली ती कांपान्योलोच्याच गिअरवर.

हे सगळे गिअर होते ‘फ्रिक्शन’चे. म्हणजे दांडीला खाचा नाहीत, ती फक्त घर्षणानं जागेवर राहते. रेडिओचं बटण फिरवून स्टेशन पकडायचो ना, अगदी तसं. दांडी किती ओढायची हे हाताला कळायला हवं, आणि चेन खरखरली की कानाला. ऐन चढावर अंदाज चुकला की रेस गेलीच म्हणून समजा.

३ फेब्रुवारी १९८३ ला तुल्लिओ गेला. आणि पुढच्याच वर्षी जपानच्या शिमानोनं ड्युरा-एस मालिकेत ‘इंडेक्स’ गिअर आणले. दांडीला ठरलेल्या खाचा, एक टक म्हणजे एक गिअर. जुन्या रेसर्सनी नाकं मुरडली, हे नवशिक्यांचं खेळणं म्हणाले. पण खेळणं चाललं! कारण शिमानोनं फक्त दांडीला खाचा पाडल्या नव्हत्या. दांडी, केबल, चकत्या, चेन, सगळं एकमेकांच्या मापानं बनवलं होतं.

कांपान्योलोनं १९८७ मध्ये ‘सिंक्रो’ आणून उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण तो नीट जमला नाही. १९९२ च्या ‘एर्गोपॉवर’नं कंपनी सावरली. तोवर बाजार मात्र शिमानोनं काबीज केला होता.

मग फ्रिक्शन संपलं का? नाही. इंडेक्समध्ये केबल जराशी सैल पडली की टक होतं, पण गिअर पडत नाही. फ्रिक्शनला हा त्रास नाही. दांडी आणखी थोडी ओढली की काम झालं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे सुटे भागही चालून जातात. म्हणूनच लांबच्या सफरींवर जाणारे काही जण आजही तेच वापरतात.

आणि क्रोचे द’औनेच्या घाटात आज तुल्लिओचं स्मारक उभं आहे.