विभव तोलणारे लॉर्ड केल्विन

पेण तालुक्यातील गडबसारख्या खाडीकाठच्या गावांत खिडक्यांचे लोखंडी गज लवकर गंजतात. खाऱ्या ओलाव्याखाली धातूच्या पृष्ठभागावर जागोजागी विद्युत विभव थोडे वेगळे असते. त्या फरकातूनच गंजण्याची क्रिया चालू राहते. पृष्ठभागाचे विभव मोजण्याची मूळ युक्ती विल्यम थॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्विन यांची.

२६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे जन्मलेले थॉमसन अवघ्या बाविसाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तिथे त्यांनी ५३ वर्षे शिकवले. १८५८ मध्ये अटलांटिक महासागरातून तारायंत्राची पहिली तार टाकली गेली. संदेश क्षीण येऊ लागले, तेव्हा प्रकल्पाचे विद्युततज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्ट दाब दिला. काही आठवड्यांतच तार निकामी झाली. थॉमसन यांचा आग्रह उलटा होता : दाब कमी ठेवा, मोजणारे उपकरण संवेदनशील करा. त्यांच्या आरसायुक्त गॅल्व्हानोमीटरने ते साधले. १८६६ ची तार यशस्वी झाली, त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १८७० मध्ये मुंबईही समुद्री तारेने इंग्लंडशी जोडली गेली.

१८९८ मध्ये त्यांनी हीच दृष्टी पृष्ठभागांना लावली. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या तारेने जोडल्या, की त्यांच्यावर विरुद्ध प्रभार येतो. त्या दूर सरकवताना प्रभार हलतो. बाहेरून उलटा दाब देत ही हालचाल शून्यावर आणायची. तो दाब म्हणजेच विभवांतर. तराजूत वजन तोलावे तसे!

१७ डिसेंबर १९०७ रोजी केल्विन यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ त्यांची समाधी आहे.

१९९१ मध्ये एका पट्टीच्या जागी सूक्ष्मदर्शकाचे अतिसूक्ष्म टोक आले आणि नॅनोमीटरच्या पातळीवर विभवाचा नकाशा काढता येऊ लागला. मात्र खाऱ्या पाण्यात तोलण्यासाठी दिलेल्या स्थिर दाबानेच आयन सरकतात, रासायनिक क्रियाही सुरू होऊ शकतात. मग मोजायचे तेच बदलते. म्हणून द्रवात स्थिर दाब टाळून जलद बदलणारा दाब देतात आणि टोकाच्या थरथरीवरून विभव काढतात. गंज, बॅटरी, पेशींचे पटल यांच्या अभ्यासाला हे मोजमाप हवे आहे. त्यासाठी केल्विन यांची पद्धत बदलावी लागली. मोजताना कमीत कमी ढवळावे, हा त्यांचा धडा मात्र तोच राहिला.