फुलपाखरांमागे गेलेली मार्गारेट

लग्न नाही, घरसंसार नाही, मग बाईनं आयुष्यभर करायचं तरी काय? मैत्रिणींनो, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातही हा प्रश्न होताच. मार्गारेट फाउंटननं त्याला दिलेलं उत्तर मला फार आवडतं. ती चक्क फुलपाखरांमागे निघून गेली!

१८६२ मध्ये नॉरफकमधल्या एका पाद्र्याच्या घरी ती जन्मली. तरुणपणी चर्चमधल्या एका गायकात जीव गुंतला, पण ते लग्न काही झालं नाही. पुढे काकांच्या वारशाचा पैसा हाती आला आणि ती जाळी घेऊन देशोदेशी भटकू लागली. नुसती फुलपाखरं पकडून टाचणीला लावणं एवढंच तिचं काम नव्हतं. ती अंडी, अळ्या गोळा करायची, प्रत्येक अळीला हवा तोच पाला शोधून आणायची, त्यांची चित्रं काढायची. बाळाचं करावं तसंच की हे!

१९०१ मध्ये दमास्कसला खलील नैमी हा वाटाड्या भेटला. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, त्यातून विवाहित. तरी १९२८ मध्ये तो जाईपर्यंत दोघांनी मिळून काम केलं.

तिचा शेवटचा मुक्काम वेस्ट इंडीजमधलं त्रिनिदाद बेट. तिथलं निळं मॉर्फो उडताना लखलखतं. पंख मिटले की तपकिरी पानासारखं दिसेनासं होतं. त्याला फुलांपेक्षा सडक्या फळांचा रस प्यारा. पंखांवर घुबडाचे डोळे मिरवणारं फुलपाखरू तिन्हीसांजेला बाहेर पडतं. हेलिकोनियस तर आपल्या कृष्णकमळाच्या जातीतल्या वेलींवर अंडी घालतं आणि रात्री ठरलेल्या फांदीवर घोळक्यानं झोपतं.

याच बेटावर एप्रिल १९४० मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, डोंगरातल्या रस्त्यावर ती कोसळली. जाळी जवळच पडली होती.

सुमारे २२,००० फुलपाखरं तिनं नॉर्विचच्या संग्रहालयाला दिली. सोबत एक बंद पेटी होती, १५ एप्रिल १९७८ पर्यंत उघडायची नाही अशी. त्या दिवशी पेटी उघडली, तर आत बारा खंडांची रोजनिशी! प्रेम, फसगत, प्रवास, सगळं तिनं स्वतः लिहून ठेवलेलं. आपल्या मागे लोकांनी काय ते कुजबुजण्यापेक्षा आपणच खरं सांगावं, असं तिला वाटलं असेल का?

आणि संग्रहाचं नाव? फाउंटन-नैमी. खलीलशी तिचं लग्न कधी झालं नाही, पण फुलपाखरांच्या त्या पेट्यांवर दोघांची नावं तिनं कायमची शेजारी ठेवली.